दाराखालचा पत्रा

जुनी गाडी विकणारा माणूस आपण पोचायच्या अर्धा तास आधी ती धुऊन ठेवतो. आपल्याला वाटतं, किती हौशी माणूस! हौस कसली, ओल्या अंगावर पत्र्याच्या लाटा दिसत नाहीत आणि रंगाचा फरक कळत नाही. आमचे हे अशा वेळी काहीच बोलत नाहीत. पायरीवर रुमाल अंथरतात, बसतात आणि विकणाऱ्याच्या तब्येतीची चौकशी करतात. तास गेला तरी चालेल. गाडीच्या आधी विकणाऱ्याचा चेहरा वाळतो.

ह्यांनी तीस वर्षं ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ केला. गुडघे गेल्यावर हातोडा ठेवला आणि जुन्या स्पोर्ट्स गाड्या घेणाऱ्यांना गाडी तपासून द्यायला लागले. घेणारा एकजात भोळा. दोन सीटची, बुटकी, लांब नाकाची गाडी दिसली की बँकेतला साहेबसुद्धा गुडघ्यावर बसून तिच्याशी बोलतो. अशा वेळी कोणीतरी शुद्धीवर असावं लागतं, म्हणून आम्ही दोघं जातो. हे सांगतात, मी लिहिते. वहीच्या डाव्या पानावर गाडी, उजव्या पानावर माणसं. उजवं पान गिऱ्हाइकाला दाखवायचं नसतं. ‘विकणारा उजव्या मडगार्डला पाठ लावून उभा आहे,’ असं उजव्या पानावर लिहिलं की डाव्या पानावर काय येणार हे मला आधीच कळतं.

आता एक गोष्ट सांगते, जी त्या दिवसापर्यंत आम्हा दोघांनाच ठाऊक होती. पत्र्याची परीक्षा शेवटी कानावर असते. खड्डा पुट्टीने भरला असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही आणि लबाडी कळते. पण गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्डिंगने डागून रंगवला, की चुंबक त्याला प्रेमाने चिकटतं. तिथे लाकडी मुठीने ठोकून ऐकावं लागतं. आणि तीस वर्षं हातोडा चालवलेल्या माणसाचे कान किती दिवस टिकणार? समोर बसून बोललेलं ह्यांना बरंचसं कळतं, थोडं कानाने, बरंचसं ओठांवरून. पण चांगल्या पत्र्याचा टण कुठला आणि कुजक्याचा ढब कुठला, हे दोन वर्षांपासून कळत नाही. मला कळतं. बाजूला उभं राहून राहून शिकले. आवाज चांगला असला की मी पेन्सिल कानामागे ठेवते, खराब असला की हातात. हे ठोकतात, सहज माझ्याकडे बघतात आणि निकाल देतात. दोन वर्षांत एकही निकाल चुकला नाही. लोक म्हणत, काय कान आहे या माणसाचा! आम्ही मान खाली घालून चहा प्यायचो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझ्या दिराला गाडी घ्यायची लहर आली.

भाऊजी कागदाच्या गिरणीत अठ्ठावीस वर्षं गठ्ठे वजन करून घ्यायचे. निवृत्त झाले, फंड हातात आला. तो फंड राहत्या दोन भाड्याच्या खोल्या विकत घेण्यासाठी होता, आणि घरमालकाने मुदतही दिली होती. माझ्या जाऊबाईने भिंतींचा रंगसुद्धा ठरवला होता. भाऊजी मात्र एका दुपारी जाहिरातीचं कात्रण घेऊन आले. टपाशिवायची, लाल, दोन सीटची. विशीत असताना अशीच एक त्यांच्या अंगावर चिखल उडवून गेली होती म्हणे. काही लोक अशा वेळी शिव्या देतात. आमचे भाऊजी प्रेमात पडले.

“ही नीट करून विकली की दोन खोल्या काय, तीन येतील,” ते म्हणाले.

जाऊबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आदल्या संध्याकाळी तिने मला फोन केला.

“ताई, मी काही अडवत नाही. मोठे भाऊजी ठोकून बघतील आणि चांगली म्हणतील, तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. पण ती कुजकी असून ह्यांनी घेतली, तर मी या घरात राहणार नाही. बॅग भरून ठेवली आहे. तुम्हाला म्हणून सांगते.”

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सकाळी निघताना मी पेन्सिलीला टोक काढत होते. हे दारात उभे राहिले.

“आज ते नको,” म्हणाले.

“काय नको?”

“पेन्सिलीचं. परक्यांना तुझ्या कानाने ऐकून सांगितलं. सख्ख्या भावाला माझ्या कानाने सांगणार. त्याला तरी फसवायचं नाही.”

“अहो, पण तुम्हाला ऐकू...”

“जवळ कान नेला की येतं.”

पुढे बोलायची सोय नव्हती, कारण ह्यांनी तोंड फिरवलं होतं. तोंड फिरवलं की ह्यांच्यापुरता विषय संपतो.

गाडी एका बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात होती. धुतलेली, अर्थातच. विकणारा मऊ बोलायचा, मऊ चालायचा. मी त्याला मनात मखमल म्हणायला लागले. त्याच्या हातांना साबणाचा वास होता आणि नखांच्या कडेला काळा रंग. उजव्या पानावर पहिली ओळ तीच लिहिली.

“काय दादासाहेब, बसताय कशाला? बघून घ्या ना,” मखमल म्हणाला.

“वाळू दे,” हे म्हणाले.

भाऊजींना कुठला धीर? ते तोवर आत जाऊन बसले होते. छप्पन्न वर्षांचा माणूस, दोन्ही हात स्टीअरिंगवर, तोंडाने हळूच घुर्र करत होता. उजव्या पानावर मी लिहिलं, ‘गाडी विकली गेली.’ माणूस स्टीअरिंग धरतो तेव्हाच विकत घेतो, नंतरची सगळी कागदपत्रं.

गाडी वाळली. हे उठले. चाकांच्या कमानींवर रुमालात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं. मागच्या डाव्या कमानीवरून ते घसरून पडलं.

“इथे पुट्टी आहे.”

“मी सांगणारच होतो,” मखमल लगेच म्हणाला. “माझ्याकडे लपवाछपवी नाही.”

हेही मी लिहून घेतलं. लहान चोरी आपणहून कबूल करणारा मोठी कुठे ठेवतो, ते बघायचं असतं. डिकीचा गालिचा उचलला. खाली तांबूस गंज, पण वरवरचा. बॉनेटच्या फटी सारख्या. नाकाला कधीतरी मार बसलेला, नीट काढलेला. भाऊजींच्या चेहऱ्यावर निकाल लागलेल्या पोराचा आनंद.

मग ह्यांनी गुडघे टेकले ते दारांखाली.

टपाच्या गाडीला टपाचा आधार असतो. या गाडीला टपच नाही. दोन्ही दारांखालून चाकापासून चाकापर्यंत पत्र्याची एक लांब पोकळ पेटी जाते, तिच्यावर सगळी गाडी तोललेली असते. ती कुजली की गाडी मधोमध मिटते, वही मिटावी तशी. नवी पेटी घालायची तर गाडीच सगळी सोडवावी लागते, आणि तेवढ्या पैशांत दुसरी गाडी येते. त्या पेटीवर खालून काळा, जाड, ताजा रंग होता.

“टोचून बघतो,” हे म्हणाले.

“टोचायचं नाही हं,” मखमल हसला. “भोक पडलं तर मी कोणाला दाखवू?”

“मग जॅक लावतो. दार उघडं ठेवून उचलू. परत बसलं दार, तर गाडी सरळ.”

“कपडा विकत घ्यायच्या आधी धुऊन बघता का तुम्ही? पैसे द्या आणि काय हवं ते लावा. चार वाजता दुसरं गिऱ्हाईक आहे माझं.”

“दादा, राहू दे ना. ठोकून बघ तू. तुझा कान काय जॅकपेक्षा कमी आहे?” भाऊजी म्हणाले.

ह्यांनी हातोडीची मूठ घेतली. गाल जवळजवळ पत्र्याला लावला. डोळे मिटले.

पुढच्या टोकाला टण. हातभर मागे, टण. मग ढब. ढब. ओल्या वर्तमानपत्रांनी भरलेल्या खोक्यावर बोट मारावं, तसं थेट मागच्या चाकापर्यंत. मी पेन्सिल कानामागून काढून हातात धरली, वर धरली, जवळजवळ हलवली. हे डोळे उघडायला तयार नाहीत. दुसऱ्या बाजूला गेले, तिथेही तेच. मग हळूहळू उठले, गुडघे झटकले आणि भावाकडे बघून हसले. इतकं मोकळं हसलेलं मी किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

“खणखणीत आहे. मूळचा पत्रा. लिही ग.”

मी लिहिलं नाही. मला वाटतं, मी त्या वेळी जाऊबाईचाही विचार केला नाही. एवढंच वाटलं की हा आवाज मी ऐकला आहे आणि आता तो नाकारता येणार नाही.

हे पुन्हा दाराकडे वाकले होते. “अहो, परत वाजवा,” मी त्यांच्या पाठीमागून म्हटलं. हे वळले नाहीत.

“काय झालं वहिनी?”

“भाऊजी, पत्रा गेलाय. वरून नवा डागलाय, आत काही नाही. दोन्हीकडे.”

मखमल पहिल्यांदा मोठ्याने बोलला. “बाईंनाही पत्र्यातलं कळतं वाटतं?”

“बाईंना ऐकू येतं,” मी म्हटलं.

तोंडातून गेलं. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले, मग ह्यांच्या पाठीकडे. हळूच म्हणाले, “दादा.” मग थोडं मोठ्याने, “दादा!” हे बोटाने दाराची फट मापत होते. भाऊजींनी खांद्याला हात लावला तेव्हा वळले, आणि आमचे चेहरे बघून त्यांना सगळं कळलं. ह्यांना चेहरे वाचता येतात, ते एक बरं आहे. किंवा नाही.

“ती म्हणते ते खरं असेल,” हे म्हणाले. “दोन वर्षं तीच ऐकते. मी नुसता ठोकतो.”

“दोन वर्षं? आणि मी विचारलं, दादा माझी गाडी बघशील ना, तेव्हा छातीवर हात मारलास तो?”

“मारला.”

“मग आता मी कोणाचं धरू?”

“तिचं धर. घेऊ नको ही.”

“वहिनींचं?” भाऊजी हसले, पण ते हसणं कडू होतं. “काल संध्याकाळी हिने वहिनींना फोन केला. मी शेजारच्या खोलीतच होतो. अर्धा तास कुजबुज चालली होती. मला काय दूधखुळा समजता? बायको बॅग भरते, वहिनीला आवाज येतात, भाऊ एकाएकी बहिरा होतो. सगळे मिळून ठरवून आलात.”

“भाऊजी, तिने मला एवढंच सांगितलं की...”

“राहू दे वहिनी.”

मखमल मध्ये पडला. त्याने ह्यांच्या दंडाला हात लावला आणि ओठ नीट हलवून, सावकाश म्हणाला, “दादासाहेब, काळजी नको. तुमच्या कानाची गोष्ट या फाटकाबाहेर जाणार नाही.” म्हणजे सूर्य मावळायच्या आत जुन्या गाड्यांच्या सगळ्या बाजारात पोचणार. आमचं गाड्या तपासायचं काम संपलं, एवढं मला तिथेच समजलं. पण ते त्या क्षणी दुय्यम होतं.

भाऊजी गाडीभोवती एक फेरी मारून आले. हात दारावर ठेवला. मग ह्यांच्यासमोर येऊन उभे राहिले आणि आवाज चढवून, लहानपणी हाक मारत असतील तसे बोलले.

“दादा, ठोकल्या ठोकल्या तू काय म्हणालास? खणखणीत म्हणालास. मी तेच धरतो. सायकल घेतली तेव्हा तुझं धरलं, नोकरी धरली तेव्हा तुझं धरलं. आज का नको?”

“अरे, मला ऐकू आलं नाही रे! मला नुसतं वाटलं. तुला आनंद झालेला दिसला, म्हणून वाटलं.”

“मग झालं तर. तुला वाटलं, मला पुरे.”

हे दोन पावलं पुढे झाले. भावाचा दंड धरला, धरून ठेवला. भाऊजींनी तो हळूच सोडवून घेतला, जसा लहान मुलाचा हात सोडवतात, आणि मखमलीबरोबर कागद करायला आत गेले. परत आले तेव्हा हातात किल्ली होती. आम्हाला म्हणाले, “चला, एकाला तरी जागा आहे.” कोणीच हललं नाही.

गाडी एका दमात सुरू झाली, हेही सांगायला हवं. इंजिन सुरेख होतं. फाटकाच्या उतारावर पुढची चाकं खाली गेली, मागची वर राहिली, आणि उजवं दार आपलं आपण उघडलं. भाऊजींनी हात लांब करून ते ओढून घेतलं. नीट बसेना. दोनदा आपटलं, मग कोपराने दाबून धरलं आणि तसेच रस्त्याला लागले.

आम्ही बसच्या थांब्यावर जाऊन बसलो. हे आपल्या तळहातांकडे बघत होते. मी वही पिशवीत टाकली. उजव्या पानावर आमच्या दोघांचं काय लिहावं, हे मला सुचत नव्हतं.

“मी पेन्सिलीकडे बघायला हवं होतं,” ह्यांनी विचारल्यासारखं म्हटलं.

“हो,” मी म्हटलं. खोटं बोलून काय करणार होते?

फोन वाजला. ह्यांना कळलं नाही. जाऊबाई होती.

“घेतली?”

“घेतली.”

“मोठे भाऊजी काय म्हणाले?”

एक शब्द पुरला असता. ‘खणखणीत’ म्हणाले, हे काही खोटं नव्हतं. तेवढ्यावर ती बॅग रिकामी झाली असती, वर्षभर संसार चालला असता, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरी. मी तो शब्द तोंडात घोळवला. समोरून बस येत होती.

“चांगली म्हणाले. पण त्यांना ऐकू येत नाही ग. मी ऐकलं. कुजकी आहे.”

पलीकडून कपाटाचं दार लावल्याचा आवाज आला.

“बरं ताई. ह्यांना सांगा, घराची किल्ली खालच्या बिऱ्हाडात ठेवून जाते. आणि दुधाचं भांडं धुऊन उपडं घातलंय, नाहीतर ते शोधत बसतील.”