मधल्या देशाचा बत्तिसावा सामना

मधल्या देशाला एकही सामना जिंकता आला नव्हता, म्हणून प्रयागबाईंनी चौदा वर्षं गुळाचा खडा तोंडात टाकला नव्हता.

उसाच्या मुलखात गूळ सोडणं काय असतं, ते संक्रांतीला कळायचं. हातावर आलेला तिळगूळ त्या कपाळाला लावून तुळशीपाशी ठेवायच्या. आता तेही नव्हतं. तिळगूळ द्यायला वस्तीवर कुणी उरलंच नव्हतं.

मधली वस्ती म्हणजे नऊ घरं. "बारामती आपल्या अलीकडं संपती अन् इंदापूर पलीकडं सुरू व्हतं, मंग आपुन कोण?" असं म्हणून त्यांच्या मालकांनी, महिपतीतात्यांनी, एका पंधरा ऑगस्टला वस्तीचा वेगळा देशच जाहीर केला. तात्या शाळेत खेळाचे मास्तर. प्रयागबाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा झेंडा झाला, आणि वस्तीच्या नऊ पोरांचा राष्ट्रीय फुटबॉल संघ. अकरा पोरं देशात नव्हतीच.

तात्या प्रत्येक सामना वहीत लिहायचे. एकतीस सामने, अठ्ठावीस हार, तीन बरोबऱ्या. शेवटी 'कारण' असा रकाना. 'मैदानात वासरू.' 'कप्तानाचं लग्न.' कळस गावाच्या टीमकडून नऊ गोल खाल्ले त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. प्रयागबाई नरसिंहपूरला गेल्या, संगमावर अंघोळ केली आणि देवाला बोलल्या, "आमचा देश एकदा जिंकंपर्यंत गूळ वर्ज्य." पुढल्या वर्षी संघ मोडला. त्याच्या पुढल्या वर्षी तात्या गेले. पोरं नोकरीला लागून पांगली. प्रयागबाई उरल्या आणि नरसिंहाचा शनिवारचा उपास उरला.

अशाच एका शनिवारी सकाळी गाडी आली. देशाचा कप्तान गोकुळ उतरला. डोक्याला टक्कल पडलेलं, हातात गुळाची ढेप.

"काकी, आज खडा मोडायचा."

"शनिवार हाय बाबा. अन् नवस कुठं फिटलाय?"

"फिटलाय की! तेरा वर्षं झाली." गोकुळ ओट्यावर टेकला. "आपला शेवटचा सामना आठवा. पणदऱ्याची टीम आलीच न्हाय. समोरची टीम आली न्हाय तर तीन-शून्यनं आपुन जिंकतो. नियम हाय. मोबाईलवर बघून आलोय."

प्रयागबाईंनी देव्हाऱ्याखालची वही काढली. बत्तिसावा सामना, विरुद्ध पणदरे. पुढं कोरं.

"मंग तुज्या तात्यांनी का न्हाय लिवलं?"

गोकुळनं मान खाली घातली. "मी म्हणलो व्हतो. तर म्हणले, समोर कुणी नव्हतंच, तर जिंकलो कुणाला?"

प्रयागबाईंनी वहीतल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. त्या दिवसापासून तात्या बिनगुळाचा चहा प्यायला लागले होते. विचारलं तर दात दुखतोय म्हणायचे.

"समोर कुणीतरी पाहिजे," त्या म्हणाल्या.

"पणदऱ्याचं कोण येतंय आता?"

"मी कुठली रं?"

गोकुळ हसायलाच लागला. प्रयागबाईंचं माहेर पणदरं. तात्या त्यांना जन्मभर 'शत्रूची लेक' म्हणायचे.

मागच्या माळावर गोलचे दोन खांब होते. दर दिवाळीला त्यांना चुना लागायचा. गोकुळनं डिकीतून पोराचा बॉल काढला. तीन किका ठरल्या. एक जरी आत गेली तरी देश जिंकला. प्रयागबाईंनी पदर खोचला.

पहिला बॉल लोळत लोळत आला. त्यांनी तो पायानं अडवला.

"असला लटका खेळ देवाला कळत न्हाय व्हय? नीट मार!"

दुसरा खांबांवरून थेट उसात. गोकुळ शोधून घेऊन आला तेव्हा घामाघूम झाला होता.

"पोट आत घी कप्तान!"

तिसरा सरळ त्यांच्या अंगावर आला. वीतभर बाजूला सरकल्या असत्या तर काम झालं असतं. उपासाचा जीव, सरकल्या असत्या तर कुणी काही म्हणालंही नसतं. प्रयागबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि बॉल पोटाशी घट्ट धरला.

"काकी! सोडायचा की वो!"

"पणदऱ्याची पोर सोडत न्हाय."

त्यांनी वहीतल्या त्या कोऱ्या जागेत लिहिलं, शून्य-शून्य, बरोबरी. कारण: 'पणदऱ्याचा गोलकीपर चांगला.' गोकुळ पोट धरून हसला. जाताना म्हणाला, "पुढच्या शनिवारी परतीचा सामना. बूट घालून येतो, बघाच."

"ये. ढेप देवापाशी ठिवते."

आठवडाभर त्यांनी माळावरचे खडे वेचले. शनिवारी अंघोळ, पूजा करून गोलपुढं चुन्याची पांढरी रेघ ओढली. दुपारी रस्त्यानं एक गाडी आली ती उसाच्या ट्रॉलीमागनं तशीच पुढं गेली. फोन देव्हाऱ्याजवळच होता, वाजला नाही. त्यांनीही केला नाही. माणसाला शंभर कामं असतात.

ऊन उतरलं तसं त्या माळावर जाऊन दोन खांबांच्या मधोमध उभ्या राहिल्या. पणदरे वेळेवर हजर होतं.

दिवेलागणीला घरात आल्या. वही उघडून लिहिलं, तेहतिसावा सामना, मधला देश विरुद्ध पणदरे. गोकुळच्या नियमानं आज पणदरे तीन-शून्यनं जिंकलं होतं. पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिलं. मग त्यांनी पुढची जागा कोरी ठेवली, ढेपेवर फडकं नीट पांघरलं आणि बिनगुळाच्या चहाचं आधण ठेवलं.