माझ्या पोटातल्या चारशे बारा मेंढ्या

मित्रांनो, तुम्ही मला रोज पाहता, पण हातात कधी धरलेले नाही. संगणकावर लिहिलेले जपून ठेवायचे असले की तुम्ही एका लहान चौकोनी चित्रावर टिचकी मारता. ते चित्र माझे आहे. मी एक जुनी फ्लॉपी. काळ्या प्लॅस्टिकचे कवच, त्यावर सरकणारी पत्र्याची झडप आणि आत कागदासारखी पातळ, गोल चकती, एवढाच माझा देह. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोही माझ्यात धड मावणार नाही. पण चारशे बारा मेंढ्या मावल्या होत्या.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला आठवत नाही. माझे आयुष्य सुरू झाले परभणीजवळच्या एका लहान संशोधन केंद्रात. तिथे भगवानराव नावाचे सहायक होते. ते आठवड्यातून दोनदा एसटीने वालूरकडे जात. दत्तराव आणि सुगंधाबाई हे जोडपे तिकडे मेंढ्या राखत असे. भगवानराव झाडाला काटा टांगत, कोकरू झोळीत घालून तोलत आणि वजन वहीत टिपून घेत. आई कोणती, जुळे की एकटे, जगले की गेले, हेही लिहीत. परत आल्यावर ते सगळे माझ्यात उतरवत.

सुगंधाबाईंकडे कोकराच्या कानाला खाचा पाडायची रीत होती. आईच्या कानावर जशी खूण, तशीच लेकीच्या कानावर. त्यामुळे कान पाहिला की वंश कळे. एका वंशाला उजव्या कानावर दोन खाचा, दुसऱ्याला डाव्या कानावर दोन. भगवानराव थोडक्यात 'उ२' आणि 'डा२' असे लिहीत. सहा वर्षे त्यांनी हे काम केले. त्यात दोन वर्षे अगदी कोरडी गेली. माझ्यावर चिटकवलेल्या कागदावर त्यांनी सुबक अक्षरात लिहिले, 'मेंढी, वालूर'. त्यांना वाटले, एवढे पुरे.

माझी एक जुळी बहीण होती. त्याच वर्षांचा पाऊस आणि चारा तिच्यात होता. मी मेंढ्या सांगायचे आणि त्या काय खाऊन जगल्या ते ती. आम्ही एकाच डब्यात पाठीला पाठ लावून राहत होतो.

मग भगवानराव निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. केंद्रात नवे संगणक आले. त्यांना माझ्यासाठी खाचच नव्हती. आमच्यातले नव्या यंत्रात घ्यायला हवे, असे दर वर्षी कोणीतरी म्हणे आणि दर वर्षी ते पुढच्या वर्षावर जाई. एकदा सूर्यग्रहण होते. कोणीतरी डबा उघडला, माझ्या बहिणीचे कवच फोडले आणि तिची चकती डोळ्यांपुढे धरून सगळ्यांनी आळीपाळीने सूर्य पाहिला. मित्रांनो, तसे पाहणे डोळ्यांनाही घातकच. सहा वर्षांचा पाऊस त्या दुपारी केराच्या टोपलीत गेला. माझ्या पाठीशी जागा रिकामी झाली, ती आजही तशीच आहे.

मी डब्यात पडून राहिले. खूप वर्षे गेली. मला एकाच गोष्टीची ओढ लागली होती. माझ्या पोटात चारशे बारा मेंढ्या होत्या, पण मी एकही मेंढी पाहिली नव्हती. कोकराचे वजन मला माहीत होते, त्याचा आवाज माहीत नव्हता. कोणीतरी मला वाचावे, एवढेच मी मागत होते.

मागच्या वर्षी अर्पिता केंद्रात आली. नुकतीच पदवी घेतलेली, प्रत्येक डबा उघडून पाहणारी. तिने मला उलटसुलट करून पाहिले आणि जिंतूरला नेले. तिथल्या लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानदाराने जुना संगणक अजून सांभाळून ठेवला होता. त्याने माझ्या चकतीवरची बुरशी मऊ फडक्याने टिपली आणि तो म्हणाला, "ताई, ही एकदाच फिरंल. दुसऱ्यांदा मागू नका."

मी जीव मुठीत धरून फिरले. खरखर आवाज झाला. थोडा भाग कायमचा पुसला गेला होता, पण बाकी सगळे उतरले. अर्पिताने आठ दिवस आकडे मांडले. कोरड्या वर्षांत एका वंशाची कोकरे पटापट मेली होती आणि दुसऱ्याची तगली होती. तगलेल्यांपुढे लिहिले होते, 'उ२'.

ती मला पिशवीत घालून थेट वालूरकडे निघाली. घाईचे कारण होते. दत्तराव आणि सुगंधाबाई आता थकले होते. एवढा कळप राखणे त्यांच्याने होत नव्हते, म्हणून अर्धा विकायचा ठरला होता. मंगळवारी व्यापारी येणार होता. कोणता अर्धा विकायचा, यावरून घरात रोज वाद होता. उजव्या खाचांच्या मेंढ्या अंगाने थोराड, त्या ठेवाव्या असे दत्तरावांचे म्हणणे. सुगंधाबाईंचा जीव डाव्या खाचांच्या बारक्या मेंढ्यांवर.

अर्पिताने आकडे वाचून दाखवले. उजव्या कानावर दोन खाचा असलेल्या मेंढ्या दुष्काळात तगतात, त्याच ठेवा, असे तिने सांगितले. दत्तरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"ऐक आता. मशीनबी माझ्याच बाजूनं बोलायलीय."

सुगंधाबाई म्हणाल्या, "पोरी, तुझं लिहिलेलं खोटं न्हाई म्हणत मी. पर त्या साली मी सोता कोकरं पुरली हायत. ती सगळी थोराडाची व्हती."

अर्पिता गोंधळली. तिने पुन्हा कागद पाहिला. 'उ२' स्पष्ट होते. मग सुगंधाबाईंनी नवऱ्याला विचारले, "भगवानराव कोकरू तोलताना कुठं हुबं राहायचे?"

"म्होरं. त्याच्या तोंडाकडं."

"अन् आपण?"

"आपण मागंच की. मेंढरामागं चालणारी माणसं आपण."

समोर उभ्या असलेल्या माणसाच्या उजव्या हाताला मेंढीचा डावा कान येतो. भगवानराव अतिशय काटेकोर होते. त्यांनी सहा वर्षे एकही आकडा चुकवला नाही. फक्त आपण कुठे उभे आहोत, एवढे लिहायचे राहिले. ते त्यांना इतके उघड वाटत होते.

अर्पिताने लगेच मान डोलावली नाही. तिने शेऱ्याचा रकाना काढला. दोनशे अकरा क्रमांकापुढे होते, 'पुलाखाली जन्म, जुळी, उ२'. तिने फक्त एवढेच विचारले, "मावशी, पुलाखाली जुळी कोणाला झाली होती?"

सुगंधाबाई उठल्या आणि कळपातून एक बारकी मेंढी कान धरून घेऊन आल्या. "हिच्या पणजीच्या पणजीला. दोघीबी जगल्या." त्या मेंढीच्या डाव्या कानावर दोन खाचा होत्या. अर्पिताने असे आणखी चार शेरे विचारले. चारही उलटे निघाले.

मंगळवारी व्यापारी थोराड मेंढ्या घेऊन गेला. दत्तरावांनीच त्या वेगळ्या काढून दिल्या. बायकोकडे न पाहता ते एवढेच म्हणाले, "बारक्याला चाराबी कमी लागतो."

अर्पिताने सगळी माहिती तीन ठिकाणी ठेवली आणि ज्याला हवी त्याला ती वाचता येईल अशी सोय केली. पहिल्या ओळीत तिने लिहिले, 'मूळ नोंदीतला उजवा म्हणजे मेंढीचा डावा. माहिती सांगणाऱ्या: सुगंधाबाई, वालूर.'

आता मी पुन्हा फिरणार नाही. त्या दिवशी पिशवीतून बाहेर काढल्यावर एका कोकराने मला हुंगले आणि ते ओरडले. किती वर्षे मी त्या आवाजाची वाट पाहिली होती.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, एखाद्या कपाटात माझ्यासारखे कोणी पडले असेल. ते फिरते आहे तोवर त्याला वाचा. तुम्ही स्वतः काही लिहिलेत, तर आपण कुठे उभे राहून पाहिले तेही लिहा. आणि तिथे उभे असलेले माणूस अजून हयात असेल, तर आजच जाऊन विचारा. सुगंधाबाई होत्या म्हणून माझ्या मेंढ्या वाचल्या. त्या कोरड्या साली पाऊस किती पडला, हे मात्र मला अजून ठाऊक नाही. ते माझ्या बहिणीला ठाऊक होते.