दाराजवळची खुर्ची

समुपदेशक बाईंनी दाराजवळची खुर्ची उचलली आणि थेट बाल्कनीत नेऊन ठेवली.

"आज दोघंही सोफ्यावर. शेजारी शेजारी."

बायको बसली. नवरा उभाच राहिला.

कुटुंब वाचायला बाईंना फारसं बोलणं लागत नसे. कोण कुठे बसतं एवढं पुरे. इतक्या वर्षांचा अनुभव त्यांनी सगळाच्या सगळा जमेला धरलेला. चुकांचा रकाना कोराच. हा माणूस पहिल्या दिवसापासून दाराशी बसला, तेव्हाच त्यांनी बायकोला बाजूला घेऊन सांगून टाकलं होतं, "यांचं मन घरातून निघालंय." संध्याकाळी बायकोबरोबर फिरायला जाणं त्याने सोडलं होतं. झोपायलाही तो बाहेरच्या खोलीत गेला होता. हिशेब कसा चोख जुळत होता.

"बसा ना."

"उभा बरा आहे."

"बघितलंत?" बाई बायकोकडे वळल्या. "खुर्ची काढली तरी पाय दाराकडेच."

"मला काय दाखवताय? माझी बॅग भरून झालीय," बायको म्हणाली. "रविवारी भावाकडे चाललेय. यांनी टाकून जायची वाट बघत बसू होय?"

नवरा तिच्याकडे बघतच राहिला.

"कोण टाकून चाललंय?"

"तुम्ही. बाई म्हणाल्या."

"बाई म्हणाल्या!" त्याचे कान लाल झाले. "अहो मॅडम, हा सोफा आहे की खड्डा? यात बसलो तर उपसून काढावं लागेल मला. गुडघा गेलाय माझा. तुमच्या या खोलीत उंच खुर्ची एकच, ती दाराशी. आणि ती तिथे तुम्ही ठेवलीत, मी नाही!"

'ही सबब म्हणजे तुमच्या मनाचा प्रतिकार आहे' हे वाक्य बाईंच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं. उतरायला वेळ लागला.

"आणि बाहेरची खोली?" बायकोने विचारलं.

"तिथला पलंग उंच आहे."

"मग तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं, तर ऑपरेशन करा म्हणून मागे लागली असतीस."

"लागलेच असते! मी इथे रडून अर्धी झाले आणि हे गुडघा लपवून बसलेत. लाज नाही वाटत?" मग ती बाईंकडे वळली. "आणि तुम्ही? तिथेच का बसता, एवढं एकदा विचारायला काय झालं होतं?"

बाईंनी खुर्ची परत आत आणली, त्याच्यापुढे ठेवली आणि स्वतः बायकोशेजारी सोफ्यावर बसल्या. पहिल्यांदाच. त्यांचे गुडघे जवळजवळ हनुवटीला आले.

वेळ संपल्यावर दोघं निघाले. जिन्याच्या तोंडाशी बायकोने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. दारात उभ्या असलेल्या बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरायला लागलं.

बायकोने मान वळवली.

"हसताय काय? हात जिन्यापुरता धरलाय. रविवारचं अजून ठरायचंय."