तोंड बुजवलेल्या बेडकाचा सूड

या मित्रांनो, असे लांब का उभे? ओट्याजवळ सरका, मांडी घाला. आज एका सुडाची गोष्ट सांगतो, आणि ती माझीच आहे.

मी एक जुना दगडी बेडूक आहे. इटलीतल्या लुक्का गावाबाहेरच्या टेकडीवर उमरावांची बाग आहे, तिथे मेंदीच्या कुंपणापाशी माझे ठाणे. एका पाथरवटाने मला करड्या दगडातून घडवले, घशात शिशाची नळी बसवली आणि माझे तोंड समोरच्या बाकाकडे वळवले. शेजारी दगडी बगळा, पलीकडे कासव. कुणी मेंदीखालची चावी फिरवली की टाकीतले पाणी माझ्या पोटात उतरे आणि बाकावर बसलेल्याला मी नखशिखान्त भिजवी. देवाने मला तेवढेच काम दिले होते. ते मी जीव ओतून केले.

ईस्टरचा दुसरा दिवस म्हणजे आमची जत्रा. गावातली घरेच्या घरे टोपल्या घेऊन वर येत. उकडलेली अंडी, भाजलेले कोकरू, कबुतराच्या आकाराचा गोड पाव. पोरे उतारावरून लोळत, बाप्ये लाकडी गोळे खेळत. जेवणे झाली की चावी सांभाळणारी कारंजेवाली एर्सिलिया प्राण्यांची गोष्ट सांगे. सांगे कसली, गाईच! एक ओळ ती म्हणे, पुढची सारी मंडळी म्हणत. ऐकताना माझ्या दगडी अंगावरही काटा येई. गोष्टीतल्या गर्विष्ठ प्राण्याच्या जागी कुणाला तरी बाकावर बसवायचे आणि शेवटी मी फवारा सोडायचा. भिजणाऱ्याने रागवायचे नाही. गोड पावाचा पहिला तुकडा त्याचा, असा रिवाज.

मग नवे कारभारी आले, बेल्लांदीसाहेब. पहिल्याच जत्रेत लोकांनी त्यांना बाकावर बसवले. मी चुकलो नाही. सगळे हसले. साहेबांनी पुढे आलेला पाव हाताने उडवून लावला. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. त्याने माझ्या तोंडात सिमेंट ठासले. एर्सिलियाचे कामही गेले.

किती उन्हाळे असा मुका बसलो! डोळ्यांत शेवाळ साचले, पाठीवर पक्ष्यांची घाण. देवळाची घंटा ऐकली की मन निवते म्हणतात. माझे नाही निवले, मित्रांनो. प्रत्येक घंटेला मी एकच मागणे मागे : देवा, या माणसाला पुन्हा एकदा त्या बाकावर बसव.

आणि एका ईस्टरला एर्सिलिया आली, चार लोकांसारखी टोपली घेऊन, नवरा ओरेस्तेबरोबर. माझ्या डोक्यावर हात ठेवून ती पुटपुटली, "चावी हाताशी आहे रे बाबा. पण फिरवली तर पाणी तुला फोडूनच बाहेर येईल. नको."

मी आतून ओरडत होतो, फोड! पण दगडाचे कोण ऐकतो?

"आजी, गोष्ट!" पोरांनी गलका केला. तेवढ्यात बेल्लांदीसाहेब आले आणि खुशाल बाकावर पाय पसरून बसले. "सांगा की बाई. आता कसली भीती? मुका झालाय तुमचा बेडूक."

"साहेब, टॉवेल तरी आणलाय ना?" ओरेस्ते म्हणाला. हशा पिकला.

"हसून घ्या. उद्या याचे तुकडे करून रस्त्याच्या खडीत टाकतोय."

हसणे तिथल्या तिथे विरले. एर्सिलियाचा चेहरा पांढरा पडला. मग तिने सूर लावला.

एका बगळ्याला बेडकाच्या ओरडण्याचा वैताग आला. त्याने बेडकाच्या तोंडात चिखल कोंबला. ढग आला, त्याला हाक ऐकू आली नाही, तो पुढे निघून गेला. तळे आटले, मासे गेले. "मग बगळ्याने काय खाल्लं?" तिने गाऊन विचारले.

"चिखल!" सारी टेकडी गरजली.

"वा! आणि बेडकाचं काय झालं?" साहेबांनी जांभई दिली.

एर्सिलियाने माझ्याकडे पाहिले, हळूच छातीवर क्रूसाची खूण केली आणि मेंदीपाशी गुडघे टेकले. "ते तोच सांगेल, साहेब."

पाणी आले. घसा फुगला, दगड करकरला, आणि सिमेंटसकट माझा खालचा जबडा उडाला. इतक्या वर्षांचा राग साहेबांच्या छातीवर आदळला. टोपी झाडात, चष्मा गवतात, आणि साहेब भिजल्या कोंबडीसारखे!

ते तरातरा निघाले. पण ओरेस्तेने वाट अडवून पाव पुढे केला. "पहिला तुकडा तुमचा. रिवाज आहे साहेब."

सगळा गाव बघत होता. बागेच्या मालकीणबाईसुद्धा खुर्चीत पोट धरून हसत होत्या. साहेबांनी तो तुकडा खाल्ला. ओल्या मिशांनी, मान खाली घालून, शेवटच्या कणापर्यंत. प्रत्येक घास मी डोळे भरून पाहिला. खोटे कशाला बोलू? मला अजून त्याचा पश्चात्ताप नाही.

"बेडूक आहे तिथेच राहील," मालकीणबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आणि एर्सिलियासुद्धा."

टाळ्या पडल्या. एर्सिलिया मात्र हसली नाही. ती गवतात माझ्या जबड्याचे तुकडे वेचून ओच्यात घालत होती. "मी फोडलं रे तुला," एवढेच म्हणत होती आणि रडत होती. मला तिला सांगायचे होते की बाई, मीच मागितले होते. पण सांगायला जबडा कुठे उरला होता?

मित्रांनो, माझ्या घशातून आता वाकडीतिकडी धार येते. त्यात खडे, कागद कोंबू नका. कुणाचेच तोंड बुजवू नका. साठलेले पाणी फार वाईट असते.

एर्सिलिया आता देवळामागच्या दफनभूमीत निजली आहे. देवापुढे हात जोडाल तेव्हा तिचे नाव घ्या. तिला एवढे सांगा, बेडकाचा तुझ्यावर राग नाही.