सोमवारचं पाणी

हेमचंद्रांनी ओला स्पंज पुन्हा कांचनच्या ओठांशी नेला. तिने पुन्हा मान वळवली.

"सोमवार आहे," ती पुटपुटली.

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या त्यांच्या घरी हॉलमध्येच आता हॉस्पिटलची खाट मांडली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. ओठ ओले ठेवा, एवढंच नर्स सांगून गेली होती. पण कांचन हट्टाला पेटलेली. लेक अंतरा ख्रिस्ती होऊन ल्यूथरन चर्चमध्ये जायला लागली, तेव्हापासून तिने व्रत धरलं होतं. पोरगी परत फिरेपर्यंत सोमवारी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. मरणाच्या दारातही सवलत घेणारी ती बाई नव्हती.

हेमचंद्रांनी अंतराला स्वयंपाकघरात गाठलं.

"चर्च सोडलं म्हण. पाणी तरी पिईल ती."

"आत्ता तिच्याशी खोटं बोलू, बाबा? आय कान्ट."

"आईच्या घोटभर पाण्यापेक्षा मोठा का गं तुझा धर्म?"

अंतराचा चेहरा उतरला, पण ती बधली नाही. शेवटी लेक कुणाची! ती खाटेपाशी गेली आणि तिने आईचा हात हातात घेतला.

"आई, ज्याच्या नावाचं आमचं चर्च, तो ल्यूथर आधी मठात संन्यासी होता. उपास करून करून झिजला. मग त्याला कळलं, देवाची कृपा कमवावी लागत नाही. देव ती अशीच देतो. पाणी पी ना गं."

कांचनने डोळे उघडले. शेजारची वाटी आयुष्यात कधी रिकामी परत न पाठवलेली बाई ती.

"फुकटचं मला नको," ती म्हणाली.

संध्याकाळी ती गेली. ओठ कोरडेच होते.

हेमचंद्रांनी लेकीला बोल लावला नाही, पण तिच्याकडे धड पाहिलंही नाही. अंतरा सुट्टी टाकून त्यांच्याजवळ राहिली. रविवारी चर्चला जायची, येऊन वरणभात लावायची. पुढच्या सोमवारी भूक नाही म्हणून तिने ताट सरकवलं, ते त्यांनी मनावर घेतलं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी तिने पाण्याचा पेलाही बाजूला ठेवला, तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"उपासाने काही मिळत नाही ना?" त्यांनी विचारलं. "तूच सांगत होतीस."

"नाही मिळत, बाबा. काही मिळवायचंही नाहीये," अंतरा म्हणाली.

तिचे ओठ सुकले होते. तिने आपला पेला उचलला आणि त्यांच्यापुढे ठेवला.