खवट रक्ताची धास्ती

आमच्या निपाणीचा तेलवाला पारिसाअण्णा चिकोडीत उघडलेला तेलाचा डबा इथं बसून हुंगायचा. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. पंच्याऐंशी साली त्याच्या छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी शेंगतेल सोडवून करडीवर आणलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण अण्णाला चैन पडेना. दुकानात करडीचं तेल सगळ्यांत आधी खवट होतं, मग रक्तातही तेच होत असलं तर? दोन वर्षं तो स्वतःचं मनगट हुंगत फिरला.

शेवटी त्यानं बेळगावात डॉक्टरी शिकणाऱ्या पुतणीला, प्रेमलाला गाठलं.

"हसू नगंस गं. माझं रक्त खवट झालंय काय?"

प्रेमला हसली नाही. "काका, नवं संशोधन तुमच्यासारखंच बोलतंय. खाल्लेल्या तेलातली चरबी कोलेस्टेरॉलच्या कणांत जाऊन बसते. करडीची असली तर कण लवकर खवटतात, आणि तसले कण धमनीला बाधतात म्हणं. शेंगतेलाचे जरा दमानं. पण अजून नक्की न्हाय."

"आणि आजवर खाल्लेली करडी?"

"तेल बदललं की कणबी बदलतात. थोडे आठवडे लागतील."

थोडे आठवडे! तेलाला ऊन आणि हवा लागू द्यायची नसते, हे अण्णाला कुणी शिकवायला नको. दुसऱ्या दिवसापासून तो भर थंडीत छत्री उघडून बाजारातून जाऊ लागला. छत्रीचं एक वेळ ठीक. पण श्वासही तो एकाआड एकच घ्यायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.