हीटर खोटा न्हाई

आमचे मालक फौजेतले सुभेदार. ते रिटायर झाले, त्यांचा आवाज न्हाई झाला. नवा हीटर पाणी तापवंना म्हणून इस्लामपूरच्या दुकानदाराशी भांडून आले. दुकानात लावून बघितला तर हीटर झकास तापला. मग घरी येऊन सुनेवर घसरले, "क्रांती, तूच उशिरा लावतीस!"

माझं डोकंच फिरलं. माझी सून विजेचा डिप्लोमा केलेली. दुसऱ्या सकाळी तिनं हीटर लावला, मीटर जोडलं आणि सासऱ्याला शेजारी उभं केलं.

"मामा, बघा. दाब एकशे एकसष्ट व्होल्ट, करंट सात अँपिअर. भागलं की रोध तेवीस ओहम. गुणलं की पॉवर अकराशे सत्तावीस वॅट. हीटर तेवीसशेचा हाय, आपल्याला निम्मीच मिळतीया. आता विहिरीवरची मोटर बंद करा."

मोटर घराच्याच तारेवर. मालक ती रोज चालू करायचे अन् मग अंघोळीला बसायचे. तणतणत जाऊन बंद करून आले, तर मीटरवर दोनशे सात व्होल्ट, नऊ अँपिअर.

"भागा, मामा."

"तेवीसच की गं!"

"म्हंजे हीटर तोच. दाब वाढला. आता गुणा."

"अठराशे त्रेसष्ट!" मालक असे ओरडले, जणू हिशेब त्यांनीच शोधला.

या घरात पहिली अंघोळ कायम त्यांची. आता मोटर चालू करायच्या आधी दारातनं इचारतात, "क्रांती, तुझी अंघोळ झाली का गं?"

मला कवा कुणी इचारलं न्हाई. पण सून मीच पसंत केली हाय.